घर घेण्यापूर्वी घराची परीक्षा

भोपाळातील पुष्कळशा मराठी कुटुंबांचा येथला इतिहास १ नोव्हेंबर १९५६ या दिवसापासून सुरू होतो. त्या दिवशी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरचे राजधानीपण संपून तेथल्या सचिवालयातील व निरनिराळ्या खात्यांतील मंडळी बिऱ्हाडासह येथे येऊन दाखल झाली. त्यांच्यासाठी जी वसाहत उभी राहिली तीच तात्या टोपे नगर, आणि त्या वसाहतीतील आपल्या नित्य परिचयाचे ठिकाण म्हणजे जवाहर चौक. या चौकाच्या आसपासच्या सरकारी क्वार्टरांतून दोन-दोन पिढ्या वाढल्या, मुंजी-लग्ने झाली, गणपती बसले. पण क्वार्टरात वाढलेल्या माणसाला एक विद्या कधीच शिकावी लागली नाही, आणि ती म्हणजे घर पारखण्याची. नळ गळू लागला, छत ठिबकू लागले, दाराची चौकट कुजली, तर पी. डब्ल्यू. डी.च्या तक्रारवहीत नोंद करावी आणि माणसाची वाट पाहावी, एवढेच आपल्या हाती असे. माणूस केव्हा येई हा प्रश्न निराळा! पण घराचे आरोग्य ही सरकारची चिंता होती, आपली नव्हे.

पुढे सेवानिवृत्तीची वेळ येई आणि क्वार्टर सोडावे लागे. अलीकडे तर स्मार्ट सिटीच्या आखणीत या भागातील कित्येक क्वार्टरेही पाडली गेली आणि उरलीसुरली मंडळी कोलार रस्ता, बावडिया, कटारा अशा दूरदूरच्या भागांत पांगली. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पत्नीचे चार दागिने आणि बँकेचे कर्ज असे सारे एकत्र करून जे घर घ्यावयाचे, ते घेताना आपण काय पाहतो? आमच्या अनुभवाप्रमाणे कागद वकिलाला दाखवतो, दिशा वास्तुतज्ज्ञाला दाखवतो, मुहूर्त गुरुजींना विचारतो, आणि घर मात्र जाणत्या माणसाला दाखवत नाही. ईशान्येस पाणी आहे की नाही याची बारकाईने चौकशी करणारे गृहस्थ, न्हाणीघरातले पाणी कोठे जाते हे विचारीत नाहीत. श्रद्धेविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु पायाची परीक्षा होकायंत्राने होत नाही एवढे मात्र खरे. जमिनीचा मालकी हक्क, नामांतरण, डायव्हर्शन, नजूलचा पट्टा हे विषय महत्त्वाचे खरेच, पण ते वकिलाचे आहेत. आम्ही येथे बोलणार आहो ते घराच्या देहाविषयी.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षक दांपत्याची हकीकत सांगतो. त्यांनी जानेवारी महिन्यात एक बैठे घर पाहिले. ताजे डिस्टेंपर, पॉलिश केलेली फरशी, अंगणात तुळशीवृंदावन. घर पाहताक्षणीच बाईंना आवडले आणि आठवड्याच्या आत बयाणा दिला गेला. आषाढ लागला तेव्हा निजायच्या खोलीची भिंत जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ओली झाली, रंगाचे पोपडे सुटले, आणि कपाटातील पुस्तकांना बुरशी आली. कारण तसे साधे होते. समोरचा रस्ता दर खेपेस डांबराचा थर चढून उंच होत गेला होता आणि घराचे जोते त्याच्या खाली राहिले होते. शिवाय जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेलाच नव्हता. विक्रेत्याकडे गेल्यावर त्याने शांतपणे उत्तर दिले, “मास्तर, तुम्ही सगळं घर पाहूनच घेतलं होतं ना?” या एका वाक्यापुढे त्यांना काही बोलता आले नाही.

त्या वाक्यात कायदा दडलेला आहे, आणि तो प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावा असा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ असे सांगते की, मालमत्तेतील अथवा तिच्या मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही, आणि खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊनही कळला नसता, तो विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे. न केल्यास ती कपटाची गणना होते. येथवर वाचून पुष्कळांना धीर येतो. परंतु मधले शब्द पुन्हा वाचावेत. जो दोष सामान्य दक्षतेने कळला असता, तो उघड करण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही! रस्ता जोत्यापेक्षा उंच आहे हे डोळ्यांना दिसत होते. म्हणजे तपासणी न करणारा मनुष्य केवळ पैसा धोक्यात घालीत नाही. तो आपला हक्कही क्षीण करून घेतो. उलट ज्याने तपासणी केली, प्रश्न लेखी विचारले आणि उत्तरे जपून ठेवली, त्याच्या हाती हेच कलम शस्त्र होते.

“पण बँकेचा इंजिनीअर येऊन गेला ना!” असे कोणी म्हणेल. बँकेचा मूल्यमापक बँकेसाठी येतो. कर्ज बुडाले तर घर विकून रक्कम वसूल होईल काय, एवढेच त्याला पाहावयाचे असते, आणि त्याचा अहवाल पुष्कळदा खरेदीदाराच्या दृष्टीसही पडत नाही. या बाबतीत इंग्लंडमधील एक खटला उद्बोधक आहे. नॉर्विच शहरातील एका बाईंनी कर्ज काढून एक साधे घर घेतले. कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेल्या सर्वेक्षकाने घर पाहून महत्त्वाच्या दुरुस्तीची गरज नाही असा अहवाल दिला आणि बाईंनी त्यावर विसंबून स्वतंत्र तपासणी केली नाही. दीड वर्षाने धुराड्याच्या विटा छत फोडून खाली कोसळल्या. पूर्वीच्या कोणा मालकाने वरच्या मजल्यावरील खोली मोकळी करण्यासाठी धुराड्याचा खालचा भाग काढून टाकला होता आणि माळ्यावरचा विटांचा भार अधांतरी राहिला होता. सर्वेक्षकाला खालचा भाग काढलेला दिसला होता. पण वरचा भार कशावर उभा आहे हे त्याने माळ्यात शिरून पाहिले नाही. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बाईंच्या बाजूने निर्णय दिला. तथापि न्यायाधीशांनी असेही सूचित केले की, हा विचार साध्या घरांपुरता आहे, मोठ्या किमतीची मालमत्ता घेणाऱ्याने स्वतःची तपासणी करून घ्यावी अशी अपेक्षा वाजवी ठरू शकेल. बाईंना भरपाई मिळाली खरी, पण त्यासाठी देशातील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले. आपल्यापैकी किती जणांची तेवढी ताकद आहे?

आता भोपाळच्या भूमीकडे वळू. शामला, ईदगाह, अरेरा या टेकड्यांवर विंध्य पर्वताचा वालुकाश्म थोड्याच खोलीवर लागतो. तेथे पाया खणताना मजूर घाम गाळतात, पण पाया एकदा बसला की बसला. याउलट कोलार रस्ता आणि होशंगाबाद रस्ता, म्हणजे आताचा नर्मदापुरम मार्ग, यांच्या दुतर्फा वाढलेल्या वस्त्यांखाली बरीचशी जमीन पूर्वी गव्हा-हरभऱ्याची काळी शेती होती. विदर्भातून आलेल्या वाचकांना काळ्या मातीची प्रकृती सांगावयास नको. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला हा स्वभाव मानवतो, भिंतींना मानवत नाही. दरवर्षी घर किंचित उचलले जाते आणि किंचित खाली बसते. आणि सगळे कोपरे सारखे उचलले जात नाहीत हीच खरी अडचण. म्हणून अशा जमिनीत पाया ऋतुमानाचा परिणाम पोचत नाही तेथवर न्यावा लागतो. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यासाठी खालच्या टोकाशी फुगीर अशा काँक्रीटच्या स्तंभांची पद्धती विकसित केली, आणि खोल काळ्या मातीत असे स्तंभ साधारण साडेतीन मीटरपर्यंत न्यावेत असे भारतीय मानक सांगते. बांधणाऱ्याने ते केले आहे की दोन फुटांवर विटा रचून मोकळा झाला आहे, हे घर उभे राहिल्यावर दिसत नाही. ते भिंतींवरून ओळखावे लागते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण ती जाणकारांच्याही नजरेतून सुटते. पावसाळा ओल दाखवतो, पण काळ्या मातीवरच्या घराच्या भेगा मिटवतो. उन्हाळा भेगा उघडतो, पण ओल वाळवून टाकतो. श्रावणात घर पाहणाऱ्याला गळती दिसेल, पण भिंत शहाणी वाटेल. वैशाखात पाहणाऱ्याला भिंतीचा स्वभाव कळेल, पण छत निर्दोष वाटेल. याकरिता घर दोन ऋतूंत पाहावे. एवढा धीर नसेल, आणि बहुधा नसतोच, तर ज्या ऋतूत आपण पाहिले नाही त्या ऋतूची साक्ष शेजाऱ्यांकडून घ्यावी. एकाच ओळीतील, एकाच ठेकेदाराने बांधलेली दोन-तीन घरे पाहावीत. मध्ये घर घेणारा मनुष्य विक्रेत्याच्या घरी चारदा जातो आणि शेजाऱ्याच्या घरी एकदाही जात नाही! ऑगस्ट २००६ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१६ मध्ये भोपाळच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. त्या रात्री तुमच्या अंगणात पाणी कोठवर आले होते, असे एखाद्या आजीबाईंना विचारावे. त्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतील.

प्रत्यक्ष तपासणीला सकाळी, भरपूर उजेडात जावे. सोबत विजेरी, मोजपट्टी, एक ओळंबा, खिशात एक नाणे आणि वही असावी. घरात शिरण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारावी. रस्ता उंच की जोते उंच, छपराचे पाणी कोठे पडते, अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर, कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप धरले आहे काय, हे बाहेरूनच कळते. भिंतीच्या तळाशी पांढरा खार फुटला असेल तर ओल जमिनीतून वर चढते आहे असे समजावे. सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकच भिंत ताज्या रंगाची असेल, तर त्या भिंतीजवळ जास्त वेळ उभे राहावे.

सर्व भेगा सारख्या नसतात. गिलाव्यावरची केसासारखी जाळी ही बहुधा गवंड्याच्या घाईची खूण. तिने घाबरून जाऊ नये. खिडकीच्या वा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांप्रमाणे चढत जाणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती अशी भेग मात्र पाया बसल्याचे सांगते. रुंदी पाच मिलिमीटरच्या पुढे गेली की प्रश्न केवळ रंगरंगोटीचा राहात नाही, असे सामान्यतः मानतात. भेग जुनी व थांबलेली आहे की अजून चालू आहे, हे ओळखण्याची जुन्या ओव्हरसियरांची एक सुंदर युक्ती होती. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून तीवर तारीख लिहीत. भिंत हलली की काच तडकते. घर घेण्यास दोन-तीन महिने लागणार असतील तर विक्रेत्याच्या परवानगीने ही युक्ती आजही करावी. परवानगी नाकारली गेली, तर त्यातूनही काही कळतेच.

दारांविषयी आम्हांस एक प्रसंग आठवतो. आपल्यापैकीच एक विधवा भगिनी पतीच्या निधीच्या रकमेतून छोटे घर घेणार होत्या. त्यांचे दीर इंजिनीअर शोधू लागले; पण तोवर म्हणून त्यांनी क्वार्टरांची दारे-खिडक्या दुरुस्त करण्यात ज्यांचे आयुष्य गेले असे एक वृद्ध सुतार सोबत नेले. सुतारांनी भिंती पाहिल्या नाहीत. त्यांनी स्टूल मागवले, मागच्या खोलीच्या दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “वहिनी, या दारावर तीनदा रंधा मारलाय, आणि तोही एकाच बाजूला. दार काही वाढत नसतं. चौकट झुकलीय.” विक्रेत्याला विचारता, बऱ्याच आढ्यावेढ्यानंतर कळले की तो कोपरा जुनी विहीर बुजवून केलेल्या भरावावर उभा आहे. बाईंनी ते घर सोडले. सहा महिन्यांनी दुसरे, थोडे लहान घर त्यांना मिळाले. त्यांची दारे अजून एका बोटाने लागतात. तात्पर्य, प्रत्येक दार उघडून, लावून, अर्ध्यावर सोडून पाहावे. अर्ध्यावर सोडलेले दार आपोआप सरकू लागले तर ओळंबा बाहेर काढावा. चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. लाकूड पोकळ लागले किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी घरात नांदते आहे.

छताला खालून नाण्याने किंवा काठीने ठोकून पाहावे. भरीव आणि पोकळ आवाजातला भेद कोणाच्याही कानास कळतो. स्लॅबवर सरळ रेषेत तांबूस डाग उमटले असतील, तर आतल्या सळया गंजू लागल्या आहेत. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. तेथे नवा गिलावा चढवणे म्हणजे पिकलेल्या गळवावर पावडर लावणे होय. गच्चीवर जाऊन पन्हळीची तोंडे पाहावीत, आणि विक्रेता तयार असेल तर तोंडे बंद करून दोन इंच पाणी एक दिवस उभे करावे. न्हाणीघरात एक बादली पाणी ओतावे, ते मोरीकडे धावते की उंबऱ्याकडे हे पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्याच्या छताकडे एक नजर टाकावी. सगळे नळ एकदम उघडावेत. विजेच्या बोर्डावर गळतीचा प्रवाह तोडणारे यंत्र असेल तर त्याचे चाचणीचे बटण दाबावे. वीज तत्काळ गेली पाहिजे. यंत्रच नसेल, किंवा अर्थिंगची तार कोठे जाते हे कोणालाच सांगता येत नसेल, तर तो खर्च घराच्या किमतीत मिळवून हिशेब करावा.

घरातील स्त्रियांना या तपासणीस अवश्य न्यावे, आणि केवळ रंग पसंत करण्यासाठी नव्हे. ओट्याखालच्या कपाटात डोके घालून वास घेण्याचे पुरुषांना सुचत नाही. ओलीचा पहिला पुरावा बहुधा तेथेच असतो.

पाण्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी. नळाला पाणी मोठ्या तलावाचे, कोलारचे, नर्मदेचे की बोअरचे, दिवसातून किती वेळ, कोणत्या वेळी, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावे लागतात काय? बोअरचे असेल तर प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे. भोपाळात तर या गोष्टीला एक दुःखद संदर्भ आहे. डिसेंबर १९८४ च्या विषारी वायूच्या दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेल्या रासायनिक घाणीने आसपासच्या वस्त्यांचे भूजल दूषित झाले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेथील रहिवाशांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. त्या बाजूला स्वस्त घर मिळते म्हणून घेणाऱ्याने भिंतीआधी पाणी तपासावे.

आपली मुले आता पुणे, ठाणे, मुंबई अशा ठिकाणी फ्लॅट घेतात. तेथे पाया दिसत नाही, काळी माती दिसत नाही, आणि ‘बिल्डर मोठा आहे’ एवढ्यावर व्यवहार होतो. फ्लॅट घेणारा मनुष्य चार भिंती विकत घेतो, पण राहतो मात्र संपूर्ण इमारतीच्या भरवशावर. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या आधारालाच धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावरील कुटुंबांच्या स्वतःच्या खोल्यांत दोष काढण्यासारखे काय असणार! २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत पडली. सोळा माणसे गेली. ती इमारत बांधून दहा वर्षेही झाली नव्हती. तेव्हा नवी इमारत ती मजबूत इमारत, हे समीकरण मनातून काढून टाकावे. फ्लॅट पाहताना वरचा, खालचा आणि तळमजला तिन्ही पाहावेत. वाहनतळातील खांबांवर नजर टाकावी. कोणी भिंत काढून हॉल मोठा केला आहे काय याची चौकशी करावी. महाराष्ट्रात तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचा दंडक आहे. जुना फ्लॅट घेणाऱ्याने सोसायटीच्या चिटणिसांकडे तो अहवाल मागावा. ‘अहवाल आहे, पण सापडत नाही’ हे उत्तर पुरेसे समजू नये.

क्षेत्रफळाचा गोंधळ तर सर्वश्रुत आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण रेरा म्हणतात, चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व गच्ची सोडून आतील वापरावयाची जागा, आतील विभाजक भिंतींसह. मोजपट्टी घेऊन स्वतः मोजावे. एका दुपारचे काम आहे.

परदेशी गेलेल्या मुलांकडून आपण ऐकतो की अमेरिकेत ‘होम इन्स्पेक्टर’ नावाचा स्वतंत्र व्यवसायच आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. तेथे करारातच अशी अट घालतात की ठरलेल्या मुदतीत तपासणी होईल आणि गंभीर दोष निघाल्यास खरेदीदार अनामत परत घेऊन बाजूला होऊ शकेल. २०२१ च्या सुमारास घरांसाठी एवढी चढाओढ झाली की आपले देकार पसंत पडावे म्हणून पुष्कळ खरेदीदार ही अट आपण होऊन सोडू लागले. शेवटी मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२५ च्या ऑक्टोबरपासून, तपासणीचा हक्क सोडण्याची अट खरेदीदारावर घालण्यास विक्रेत्यांना बंदी केली. आपल्याकडे असा नियम नाही. म्हणून आपणच तो आपल्या इसारपत्रात लिहून घ्यावा.

ते कसे, हे सांगतो. उत्तम मार्ग हा की बयाणा देण्यापूर्वीच तपासणी उरकावी. विक्रेता थांबायला तयार नसेल तर अगदी लहान रक्कम द्यावी आणि इसारपत्रात पुढील आशयाचे कलम वकिलाकडून घालून घ्यावे: ‘खरेदीदार आजपासून पंधरा दिवसांच्या आत आपल्या पसंतीच्या अभियंत्याकडून मालमत्तेची तपासणी करून घेईल, विक्रेता सर्व खोल्या, गच्ची, पाण्याच्या टाक्या व मीटर तपासू देईल, तपासणीत पाया, भिंती, छत, नळ अथवा वीज यांत महत्त्वाचा दोष आढळल्यास उभयतांच्या संमतीने दुरुस्ती अथवा किमतीत घट होईल, आणि संमती न झाल्यास इसाराची संपूर्ण रक्कम परत करण्यात येईल.’ याबरोबर विक्रेत्याला लेखी प्रश्न द्यावेत: घरात कधी पाणी शिरले काय, छताची दुरुस्ती केव्हा व कोणी केली, कोणती भिंत काढली वा वाढवली, वाळवीचा उपाय केला होता काय, मंजूर नकाशाबाहेर काही बांधकाम आहे काय. उत्तरांखाली सही घ्यावी. कलम ५५ चे महत्त्व येथे कळते. सहीनिशी दिलेले खोटे उत्तर ही मोठी गोष्ट असते, आणि प्रामाणिक विक्रेत्याला अशी सही करण्यात संकोच वाटत नाही.

अभियंता निवडताना तो विक्रेत्याचा, दलालाचा किंवा बिल्डरचा स्नेही नसावा. आणि दुरुस्तीचे काम तोच घेणार नाही हे आधीच ठरवावे, नाहीतर प्रत्येक भेग त्याला मोठी दिसेल. काँक्रीटच्या पृष्ठावर दांडी आदळून त्याचा कठीणपणा मोजणारे रिबाउंड हॅमर आणि काँक्रीटमधून ध्वनिलहरी धाडून आतील पोकळी हुडकणारे यंत्र, ही साधने आता मोठ्या शहरांत सहज मिळतात. जुन्या इमारतीसाठी त्यांचा उपयोग करून घ्यावा, पण एकट्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. हॅमर पृष्ठभागापुरतेच बोलतो. अहवाल लेखी, छायाचित्रांसह आणि दुरुस्तीच्या अंदाजी खर्चासह मागावा. या साऱ्याला येणारा खर्च घराच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ असतो. वास्तुशांतीच्या जेवणावळीत याहून अधिक जातो.

नवे घर बिल्डरकडून घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी राहिल्या. रेरा कायद्याप्रमाणे लेखी करार नोंदवल्याखेरीज बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेत, कारागिरीत, मालाच्या प्रतीत किंवा सोयींत दोष निघाल्यास आणि तो निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे लहान प्रकल्प मात्र रेराकडे नोंदवण्याची सक्ती नाही. कोलारकडील पुष्कळ छोटी ‘डुप्लेक्स’ बांधकामे अशीच असतात. तेथे तपासणीचे महत्त्व दुप्पट समजावे.

ताबा घेण्याच्या दिवशी किल्ली हाती घेण्यापूर्वी अभियंत्यासह पुन्हा एकदा सगळे घर फिरावे, दोषांची यादी दोन प्रतींत करावी आणि बिल्डरच्या माणसाची तारखेसह पोच घ्यावी. त्या दिवशीची छायाचित्रे, अहवाल, लेखी उत्तरे आणि ताबापत्र ही सर्व खरेदीखताच्याच पाकिटात ठेवावीत. पाच वर्षांची मुदत ताबापत्रावरील तारखेपासून मोजली जाते.